अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक ताज महालसाहेबांना, गोठ्यातून

आदरणीय ताजसाहेब,
सा. न. वि. वि.

मी वाळवा तालुक्यातला दूधउत्पादक. कडबाकुट्टीत माझ्या उजव्या तर्जनीचं एक पेर गेलं. तेव्हा मी गिटार शिकत होतो. शिकवणारे म्हणाले, आता बासरी वगैरे बघ. (बासरीलाही बोटं लागतात, पण असो.)

त्यानंतर तुमचा हात पाहिला. बहुतेक वादक तार छेडताना तर्जनी पुढे करतात, तुम्ही मात्र अंगठ्यावर आणि मधल्या बोटावर भार टाकता. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरून बसतो आणि मधलं बोट वर चाल म्हणत राहतं. गळा भलतीकडेच फिरून आला तरी अंगठा जागचा हलत नाही. माझ्याकडे ही दोन्ही बोटं शाबूत होती, आणि धार काढून काढून चांगली दणकट झालेली होती. वर्षभर फक्त अंगठाच घोटला. घरचे वैतागले. आता वाजवतो. याचे आभार मानायचे होते, म्हणून हे पत्र.

पुढे कळलं की तुम्हीही गोठ्यातलेच. वडील कॅरिबियन वळणाचे जॅझवाले, आई गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारी, आणि तुम्ही पोरवयात मॅसॅच्युसेट्समधल्या पामर गावी डेअरीवर पहाटे उठून गाई पिळत होता. विद्यापीठातही पशुसंवर्धनच शिकलात. आमच्याकडे असा मुलगा गायला लागला तर डिग्री वाया गेली म्हणतात.

१९६८ च्या तुमच्या पहिल्या रेकॉर्डवर ब्लाइंड विली मॅकटेल यांच्या जुन्या ब्लूज गाण्यात तुमचे गिटारवादक जेसी एड डेव्हिस तारेवरून जी स्लाइड (बोटात घालायची नळी) फिरवतात, ती ऐकून गिटारवादक ड्वेन ऑलमन स्लाइडकडे वळले, हे गिटारवाल्यांना ठाऊक आहे. मला त्याहून जवळची वाटते १९९५ ची रेकॉर्ड, विश्वमोहन भट्ट आणि रविकिरण यांच्यासोबतची. मोहनवीणा आणि चित्रवीणा तुमच्या ब्लूजमध्ये पाहुण्यासारखी अवघडून बसत नाहीत. तिघांच्याही मींडेला एकच ओढ आहे. हवाईची आडवी गिटार आपल्याकडे कधीच मुरली होती, आणि तुम्ही तर हवाईत राहिलेले. मग परकं वाटायचं तरी कशाला? १९९९ ला मालीच्या तुमानी दियाबाते यांच्यासोबत केलेली रेकॉर्डही फार ऐकतो, फक्त वाजवायच्या भानगडीत पडत नाही. ते वाजवतात त्या कोरा या पश्चिम आफ्रिकी तंतुवाद्याच्या एकवीस तारा दोन अंगठे आणि दोन तर्जन्यांवर चालतात. तिथे आमची दांडी गुल.

आणखी एक. १९७१ ची तुमची न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातली मैफल, जिच्यात चार ट्यूबा (खर्जातले मोठे पितळी बाजे) आहेत, ती मी गावातल्या बँडच्या मालकांना ऐकवली. त्यांच्याकडे वरातीतला तो मोठा बाजा वाजवणारा एक मुलगा आहे, ज्याच्याकडे आजवर कोणी लक्ष दिलं नव्हतं. मालकांनी दोनदा ऐकलं आणि विचारलं, ‘पट्टी कुठली?’

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा त्यांना सवड नसते. म्हणून गणपती झाले की संध्याकाळची धार आटोपून बसायचं ठरलंय. खर्ज त्या मुलाकडे देणार आहे, पण अंगठा सोडणार नाही.

आपला,
वाळव्याचा एक गिटारवाला