जुन्या चर्चच्या चित्राखाली साल नेमके कोणते?

संपादक महोदय,

इंग्लंडमधल्या खेड्यांवर लेख आला की सोबत एखाद्या गावचर्चचे जुने छापचित्र येते आणि खाली एवढेच असते : 'बाराव्या शतकातील चर्च'. चित्र कोणी काढले, केव्हा, कोणत्या बाजूने, याचा पत्ता नसतो. मग ते नुसती सजावट होऊन बसते. खरे तर अशी चित्रे कित्येकदा एकमेव पुरावा असतात, कारण चित्रातले चर्च आणि आज तिथे उभे असलेले चर्च यांत फार फरक पडलेला असतो.

साधारण १८४० ते १८८० या काळात इंग्लंडमधल्या बहुतेक पॅरिश चर्चची (गावच्या किंवा वस्तीच्या चर्चची) 'दुरुस्ती' झाली. केंब्रिजमध्ये १८३९ साली निघालेल्या कॅम्डेन सोसायटीने इ. स. १३०० च्या आसपासची, टोकदार कमानींची गॉथिक शैली हाच आदर्श ठरवला आणि वास्तुविशारद तिच्यामागे गेले. (कुलाब्याचे १८५८ चे अफगाण चर्च याच गॉथिक लाटेतले.) दारे लावलेली पेटीवजा बाके, तीन मजल्यांचे उंच व्यासपीठ, पश्चिमेकडचा वादकांचा सज्जा, गिलाव्याचे सपाट छत, हे सारे उपटून टाकले गेले. भिंतींचा चुना खरवडून दगड उघडे केले, त्याबरोबर कित्येक ठिकाणी मध्ययुगीन भित्तिचित्रेही गेली. कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती या खरवडण्याच्या संतापातूनच. आतली जुनी मांडणी प्रत्यक्ष पाहायला यॉर्कशायरमधल्या व्हिटबीच्या सेंट मेरीसारखी मोजकीच ठिकाणे उरली आहेत.

म्हणूनच त्याआधीच्या चित्रकारांचे मोल मोठे. मूळचा स्विस असलेला सॅम्युएल ग्रिम १७६८ मध्ये इंग्लंडला आला आणि १७९४ मध्ये वारला. रिचर्ड के या धर्मगुरूसाठी त्याने केलेली अडीच हजारांवर रेखाटने आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जॉन बकलरने सर रिचर्ड कोल्ट होर यांच्यासाठी विल्टशायरमधली चर्च जलरंगात उतरवली. ते दहा खंड डिवायझेसच्या संग्रहालयात आहेत. बकलरचे खिडक्यांचे तपशील इतके नेटके असतात की नंतर बदललेली खिडकी लगेच ओळखू येते.

छापचित्र हाती आले की पहिले काम दिशा ठरवण्याचे. वेदी पूर्वेला आणि मनोरा बहुधा पश्चिमेला असतो. दक्षिणेकडून पाहिले तर मनोरा डावीकडे, उत्तरेकडून पाहिले तर उजवीकडे. मात्र तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटे कोरावे लागते. कोरणाऱ्याने ते सरळच उतरवले, तर छापात डावे उजवे होते आणि दक्षिण बाजू उत्तर बाजू वाटते. अशा वेळी ऊन पाहावे : इंग्लंडमध्ये उत्तरेच्या भिंतीवर ऊन येते ते उन्हाळ्यात, तेही अगदी सकाळी किंवा संध्याकाळी. चित्रकार स्टुडिओत बसूनही छाया घालत, तेव्हा एवढ्यावर भागत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशात चर्चचा आराखडा दिसतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर हे नकाशे फुकट पाहता येतात. त्यात दरवाजाची देवडी कुठे आहे, ते ताडून घ्यावे.

मग सालाकडे वळावे. डाव्या कोपऱ्यातल्या नावापुढे 'डेल.' असेल तर तो चित्रकार, उजवीकडे 'स्कल्प.' असेल तर तो कोरणारा. खाली प्रकाशकाचे नाव आणि तारीख असते, कारण १७३५ च्या कायद्याने हक्क राखायचे तर ती घालावी लागे. ही तारीख प्रकाशनाची. चित्र त्याआधी दहा-वीस वर्षांचेही असू शकते. शिवाय कोरलेले तांब्याचे पत्रे विकले जात आणि नव्या पुस्तकात पुन्हा छापले जात. कागदातल्या जलचिन्हात साल असेल, तर त्याआधीचा हा छाप नाही एवढेच कळते. रंगावर तर मुळीच विसंबू नये. काळ्या-पांढऱ्या जुन्या छापांवर विक्रीसाठी अलीकडे रंग चढवण्याची चाल आहे.

चित्रकाराची नजरही तपासावी लागते. हेरफर्डशायरमधल्या किलपेकच्या चर्चच्या कोरीव कामाची जी. आर. लुईसची चित्रे १८४२ ची, म्हणजे १८४८ च्या दुरुस्तीआधीची, म्हणून अनमोल. पण छपराखाली भिंतीतून पुढे आलेल्या आधाराच्या दगडावर, दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी जी स्त्री आहे, तिला त्याने छाती फाकलेला मूर्ख ठरवले. लज्जागौरी पाहिलेल्या आपल्या वाचकाला ती चटकन ओळखू येईल. बाकी शिल्पांसाठी लुईसवर भिस्त ठेवता येते, या एकासाठी नाही.

छायाचित्रे म्हणजे बिनचूक पुरावा, असेही नाही. ओला रासायनिक लेप दिलेल्या काचेवरच्या जुन्या छायाचित्रांत लाल रंग काळपट आणि निळे आकाश पांढरे येते, त्यामुळे लाल कौलांचे छप्पर गडद पाटीच्या दगडाचे समजले जाते. पोस्टकार्डांना पाठ पाहावी. पाठीवर मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये रेघ असेल तर ते १९०२ किंवा नंतरचे. ब्रिटनमध्येच टाकलेल्या कार्डावर अर्ध्या पेनीचे तिकीट असेल तर ते बहुधा जून १९१८ पूर्वी टाकलेले. नेगेटिव्ह मात्र त्याहून कितीतरी जुनी असू शकते. फ्रिथसारख्या कंपन्या जुन्या नेगेटिव्हांवरून वर्षानुवर्षे कार्डे काढत राहिल्या.

हे सगळे वृत्तपत्राने दर वेळी करावे, अशी अपेक्षा नाही. पण चित्र ज्या संग्रहातून घेतले, त्याच्या नोंदीत चित्रकार, साल आणि बाजू बहुतेकदा लिहिलेली असतात. ती एका ओळीत मावतात : 'किलपेक, दक्षिण दरवाजा, जी. आर. लुईस, शिळाछाप, १८४२; १८४८ च्या दुरुस्तीपूर्वी.' पुरवणीत यापुढे अशी ओळ द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे