गोळी हाती पडते तेव्हा वेळ टळून गेलेली असते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची मजूर जोडपी द्राक्षबागांवर राहायला येतात आणि त्यांतल्या अनेक नव्या सुनांना दिवस जातात ते त्या बागेतच. या जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून काम करताना बाळांच्या जन्मजात दोषांबाबत जे सतत खटकले, ते त्यासाठीच मांडते आहे.

बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. त्या वेळी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती मिटली नाही, तर मूल पाठीवर गाठ घेऊन जन्मते किंवा वाचतच नाही. हा धोका फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीने मोठ्या प्रमाणात टळतो. आधी असे मूल झालेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक देशांत घेतलेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो ७२ टक्क्यांनी घटला होता. मात्र गोळी दिवस जाण्याआधीपासून चालू हवी. आपल्याकडे आशाताईंकडे नाव लागते तेच अनेकदा दोन महिने उलटल्यावर, आणि स्थलांतरित बाईचे तर त्याहूनही उशिरा.

दुसरी बाब फवारणीची. फवाऱ्याच्या विषाला आपण सरसकट ‘औषध’ म्हणतो, त्यामुळे नवऱ्याचे फवारणीचे कपडे हाताने धुणाऱ्या किंवा रिकाम्या डब्यात पाणी भरणाऱ्या बाईला त्यात वावगे काही वाटत नाही. प्रत्येक कीटकनाशकाबाबत पुरावा सारखाच भक्कम आहे असे मी म्हणणार नाही. परंतु द्राक्षावर वर्षानुवर्षे वापरलेले कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक युरोपीय संघाने गर्भाला अपाय करू शकणाऱ्या पदार्थांत गणले आहे.

इतके असूनही दोष येतो तो आईवरच. ओठ दुभंगलेले मूल झाले की ‘ग्रहणात भाजी चिरली असेल’ हे ठरलेले, पण मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या वडीलधाऱ्यांना कोणी काही विचारत नाही. वास्तविक सख्ख्या मामे-आत्ये भावंडांच्या विवाहात जन्मजात दोषांची शक्यता सुमारे दुप्पट होते. तंबाखूची मशेरी पोटातल्या बाळाला अपायकारक, पण तिच्याबद्दलही घरात कोणी बोलत नाही, कारण ती बहुधा सासूच्याही हातात असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून नवजात बाळांची तपासणी होते व पुढील उपचारही मिळतात. त्याचे मोल मी जाणते, पण ती सोय जन्मानंतरची आहे. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद होते त्याच दिवशी नववधूच्या हाती फॉलिक ॲसिडच्या गोळ्या द्याव्यात आणि छाटणीच्या हंगामात आरोग्यसेविकेची एक फेरी बागांवरच्या झोपड्यांतही व्हावी, अशी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे. बागायतदारांकडे मागणे एवढेच, की फवारणीच्या दिवशी बायकांना त्या बागेत कामाला लावू नये आणि त्या दिवसाची मजुरीही कापू नये.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, नाशिक