दारफाळणीचा सण, मेट्झ १८७०

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी आजी योम किप्पुरला, तुम्हा ज्यूंच्या उपवासाच्या आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ‘दारफाळणीचा सण’ म्हणायची, आठवतं? आदल्या संध्याकाळीच तुमचं दार लागायचं आणि मी ओटीवरूनच घरी परतायचो. गेले चार दिवस तोच शब्द मनात घोळतोय, एका जुन्या छापील चित्रामुळे.

१८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध. मेट्झ या फ्रेंच शहराला जर्मन फौजांचा वेढा पडलेला आणि ५ ऑक्टोबरला योम किप्पुर. चित्रात उघड्या माळावर जर्मन फौजेतल्या ज्यू सैनिकांची ही गर्दी! डोक्यावर टोकदार शिरस्त्राणं, अंगावर लष्करी गणवेश, मधे हेखाल, म्हणजे धर्मग्रंथाचं कपाट, मांडलेलं. हे दृश्य कागदावर छापलं गेलं, तसंच सुती रुमालांवरही. रुमालावर मलाखी नबीचं वचन आहे, हिब्रूत आणि जर्मनमध्ये: ‘आपल्या सर्वांचा पिता एकच नव्हे काय?’

प्रत्यक्षात घडलं ते वेगळंच. मेट्झजवळच्या सँत-बार्ब गावात एका घराच्या दोन लहानशा खोल्यांत साठेक सैनिक दाटीवाटीनं उभे राहिले आणि प्रार्थना झाली. माळ नाही, गर्दी नाही.

आधी मला याचा रागच आला. मग तारखा पाहिल्या. सर्व धर्मांच्या लोकांना समान नागरी हक्क देणारा उत्तर जर्मन संघाचा कायदा ३ जुलै १८६९ चा, म्हणजे जेमतेम सव्वा वर्षापूर्वीचा. आम्हीही या देशासाठी लढतोय, आणि ज्यू म्हणूनच लढतोय, हे चारचौघांत दाखवायचं तर बंद खोली काय कामाची? त्यांना माळच हवा होता. वेढ्याच्या आत, फ्रेंचांच्या बाजूलाही ज्यू होते, तेही उपाशीच देवापुढे उभे असतील. ते मात्र या चित्रात नाहीत.

१९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असतानाच, त्याच जर्मन सैन्यानं ज्यू सैनिकांची वेगळी मोजदाद केली. ते आघाडी चुकवतात असा संशय घेऊन. हे वाचलं आणि तो रुमाल पुन्हा बघवेना.

मला त्या दोन खोल्याच जवळच्या वाटतात. बाहेर युद्ध, आत दार लावून साठ माणसं. आजीचा शब्द त्यांना किती चपखल बसतो!

दार लावल्यावर आत तुम्ही दिवसभर काय करायचात, हे मी तुला कधी विचारलंच नाही. आता सविस्तर लिही. आईंना नमस्कार सांग.

तुझा,
ओटीवरचा मित्र