आवरून झाल्यावर नव्हे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी माझा फोन का लागत नाही, असे बाबांनी गेल्या रविवारी विचारले होते. तेव्हा घाईत मी उत्तर टाळले; ते आज सविस्तर लिहिते. जूनपासून या दोन दिवशी साडेसहा ते सव्वासात मी पुन्हा गाण्याचा रियाज करते. प्रवेशिका पूर्णच्या परीक्षेनंतर जे सुटले होते, ते बावीस वर्षांनी हाती घेतले आहे. त्या सकाळी डबे तुमचे जावई भरतात. (पोळ्या आदल्या रात्रीच्या असतात, हे आईला कळले नसते तरी चालले असते.)

वर्षभर मला असा थकवा होता, की तो झोपून उठल्यावरही जात नसे. तपासण्यांत काहीच निघाले नाही. रात्री आठला घरी यायचे आणि अकरापर्यंत मोबाइल पाहत पडून राहायचे, यालाच मी विश्रांती समजत होते. गाणे सुरू केले तेव्हा पहिला महिनाभर षड्जावर आवाज ठरत नव्हता, आणि शाळेत असताना जो भूप राग मी झोपेतही म्हटला असता, त्यातला धैवताचा स्वर दर वेळी उतरत होता. तरीही सव्वासातला उठताना अंगात जी तरतरी असे, ती सुट्टीच्या दिवशी दुपारभर झोपूनही मला कधी मिळाली नव्हती. सुरुवातीला अपराधी वाटले, हेही खरे. मुलाची शाळा, ऑफिस, घर हे सगळे आटोपल्याशिवाय स्वतःसाठी बसायचे नाही, हे माझ्या अंगात इतके मुरले होते, की एके दिवशी "आवरले की बसते" असे मी मोठ्याने म्हणाले आणि दचकले, कारण ते वाक्य आईचे होते.

आई, गाण्याच्या परीक्षांत मध्यमा पूर्ण झाल्यावर तू विशारदच्या उंबरठ्यावर थांबलीस. आधी आम्ही लहान होतो, मग आजींचे आजारपण आले, मग आमची लग्ने झाली. ते सारे खरे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता घरात तुम्ही दोघेच आहात आणि तानपुरा अजून कपाटावरच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बाबांनी मला बातमीचे कात्रण मोठ्या अभिमानाने पाठवले होते. त्या दिवशीही आपल्या तानपुऱ्याच्या तारा काढलेल्याच होत्या, आणि सतारमेकर गल्ली तर घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

मी मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर गाते. तो उतरत नाही, म्हणून सोयीचा आहे. मात्र खऱ्या तानपुऱ्यात तारांखालची घोडी घासून जवारी नीट लागलेली असली, की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार उमटतो. तो तू मला सातव्या वर्षी भोपळ्याला कान लावून ऐकवला होतास. तो मला पुन्हा ऐकायचा आहे, आणि तो ऐकताना तुझा चेहरा कसा होतो, तेही पाहायचे आहे.

बाबा, तुमच्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुम्हाला लांबण आवडत नाही. रात्री संगणकाशी बुद्धिबळ खेळून हरल्यावर तुम्ही चिडचिड करता, असे आई सांगते. बुद्धिबळाची इतकी जुनी परंपरा असलेली सांगली शेजारी असताना, आठवड्यातून एक संध्याकाळ समोर माणूस बसवून खेळावे. बसचा पास तुमच्याकडे आहेच.

येत्या दुसऱ्या शनिवारी मी कोयना एक्सप्रेसने येत आहे. रविवारी सकाळी तानपुरा घेऊन आपण दोघी नव्या तारा चढवायला आणि जवारी काढून घ्यायला जाऊ. आई, तोपर्यंत तानपुऱ्याची कापडी गवसणी धुवायला काढू नकोस. ती वाळेपर्यंत आपण पुन्हा थांबून राहू.

तुमची,
ताई