चिऊच्या शाळेविषयी

कोल्हापूर,
रविवार

चि. प्रसाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, “आप्पा, पैशांचा प्रश्न नाही, चिऊला शाळा चांगली मिळाली पाहिजे,” आणि तेवढ्यात तुझी कंपनीची बस आली. उरलेले लिहून कळवतो, कारण फोनवर माझे बोलणे लांबते आणि तू नुसता ‘हो, हो’ म्हणत राहतोस.

सूनबाई आणि मी दोन्ही शाळा, एक खासगी आणि एक मनपाची, पाहून आलो. खासगी शाळेत आम्हाला गार खोलीत बसवून फीचा कागद हाती दिला : वर्षाला ६४,००० रुपये, शिवाय रिक्षा, पुस्तके आणि त्यांनी सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायचे दोन गणवेश. वर्ग पाहता येईल का, असे विचारल्यावर तास चालू असताना पालकांना आत सोडत नाहीत, असे उत्तर मिळाले. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण उद्यमनगरच्या कारखान्यांत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला जॉबला, म्हणजे घडवलेल्या भागाला, मापाचे गेज लावल्याशिवाय तो मापात आहे हे पटत नाही, मग वरचा रंग कितीही झकास असो.

मनपाच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी “बसा की मागच्या बाकावर” म्हणून पहिलीच्या वर्गात बसवले. बाईंनी मुलांना तेरा-तेरा चिंचोके वाटले होते आणि त्यांतून दहाचा ढीग वेगळा करायला सांगितले होते. आमच्यापुढच्या मुलीने ढीग केला, पण पलीकडे दोनच उरले. बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि काहीही बोलल्या नाहीत. मुलीने ढीग पुन्हा मोजला, अकरा भरले, तशी तिने एक चिंचोका उचलून त्या दोनांत ठेवला आणि मान वर करून बाईंकडे पाहिले. मला जे पाहायचे होते ते तेवढ्यात पाहून झाले.

आता उणे बाजूही सांगतो. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नाही, भिंतीला ओल आहे आणि त्या वर्गाच्या पटावर ४१ मुले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांना ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. मात्र त्याच कायद्याने अशा शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती बंधनकारक नाही. सूनबाईने कडीची गोष्ट तिथल्या तिथे काढली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “तुम्ही समितीत या, मागे लागायला माणूस हवाच आहे.” खासगीकडेही पालकांना अगदीच आवाज नसतो, फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो, असा राज्याचा २०११ चा कायदा आहे. पण तिथे बोलायला पालकाला सवड आणि धीर दोन्ही लागतात, आणि माझ्याकडे त्या काळी दोन्ही नव्हते.

ते आजवर तुला सांगितले नव्हते. ताईला मनपाच्या शाळेत आणि तुला इंग्रजी माध्यमात घातले, ते दोन्ही शाळा पारखून नव्हे. एकाचीच फी झेपत होती आणि मुलगा म्हणून ती तुझी भरली, एवढेच त्याचे कारण. तुझ्या डायरीत बाई इंग्रजीत ओळ लिहून पाठवत, मी ती न वाचता खाली सही करत असे, कारण वाचता येत नाही हे कुणाला सांगायची लाज वाटे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मालकाच्या मुलाकडून वाचून घेतली, तेव्हा कळले की तुला हातच्याची वजाबाकी येत नाही, घरी करून घ्या, असे तीन महिने तेच लिहून येत होते. दोष शाळेपेक्षा माझाच अधिक. ताईची वही मात्र मला वाचता येत असे, म्हणून तिच्याशी रोज भांडण तरी होई.

तुला इंग्रजीची काळजी आहे, ती रास्त आहे. मनपाच्या या शाळेत पहिलीपासून सेमी-इंग्रजी आहे, गणित इंग्रजीतून शिकवतात, आणि तुम्ही दोघे शिकलेले असल्याने घरी इंग्रजी बोलण्यास कुणाची ना नाही. ‘मनपाच्या शाळेत गरिबांची मुले असतात’ हे तुझे वाक्य मात्र मला लागले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. आपल्या चिखली गावात त्या योजनेतली शाळा निघाली आणि माझ्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी निव्वळ त्या रुपयाच्या भीतीने तिथे बसवले, असे घरात सांगत. आपणही गरिबांचीच मुले होतो.

माझे मत मनपाच्या बाजूने आहे. निर्णय तुम्हा दोघांचा. गुढीपाडव्याला तिथले प्रवेश सुरू होतात आणि जरगनगरच्या मनपा शाळेसाठी तर पालक आदल्या रात्रीपासून रांगेत उभे असतात, तेव्हा शनिवारी नक्की ये. सोमवारची रजा टाक, म्हणजे तूही त्या मागच्या बाकावर तासभर बसशील. चिऊचा जन्मदाखला इथल्या कपाटात सापडत नाही, तुझ्या फाइलीत असेल तर मूळ प्रत घेऊन ये.

तुझा,
आप्पा