विनू, गामा जीटी वाढलाय

फोंडा, गोवा

प्रिय विनू,

स. न. वि. वि. चतुर्थीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. घरी सगळे बरे. हिचे गुडघे होते तसेच, माझी साखर आटोक्यात.

लिहायचं कारण वेगळंच आहे, आपला फिजीचा कावा, आणि फोंड्यात ते कुणाला सांगून उपयोग नाही. रक्त तपासलं. यकृताचे आकडे असे: एसजीपीटी ३१, एसजीओटी २८, बिलिरुबिन उत्तम. आणि गामा जीटी १४८! कागदावर वरची मर्यादा ५५. डॉक्टर कोवळा पोरगा. कागद पाहून म्हणतो, "काका, रोज किती पेग होतात?" म्हटलं, एकही नाही. "मग फेणी?" अरे, ही शेजारच्या खुर्चीत! काजूच्या मोसमात अख्खा गाव हुर्राकात असतो तेव्हाही मी कोकम सरबत पितो म्हणून दादू मला जन्मभर भटजी म्हणत आला, आणि आता सत्तरीच्या तोंडावर बेवड्याचा शिक्का. रिक्षात ही एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र कपाटामागे हात घालून बाटली शोधली.

मी पितो तो फक्त संध्याकाळचा कावा, आणि कावा म्हणजे काय हे मी त्या पोराला सांगितलं. मिरी आणि नागवेलीच्या कुळातलं झाड, मुळाची पूड, फडक्यात बांधून पाण्यात मळायची. जीभ बधिर होते, डोकं शाबूत राहतं, फक्त भांडायची हौस जाते. ("मग आमच्या घरी का भांडता?" इति सौ.) त्याने केसपेपरवर 'हर्बल ड्रिंक' लिहिलं आणि पुढे हे भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

पण पोरगा गुणी निघाला. पुढच्या खेपेला वाचून आला होता. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये रोज भरपूर कावा पिणाऱ्यांची रक्तं तपासली आहेत म्हणे. त्यांचाही नेमका हाच आकडा चढलेला, एसजीपीटी बहुधा जागच्या जागी, आणि प्यायचं थांबवलं की आकडा खाली येतो. मग त्याने पायजमा वर करायला लावला. नडग्या सुक्या बांगड्यासारख्या झाल्यात रे, खवले निघतात. मी हिला थंडीचं कोरडेपण सांगत होतो. तू असतास तर दारातूनच ओरडला असतास, कनिकनी, काव्याने खवले धरलेली कातडी! तीही सोडल्यावर जाते, असं तो म्हणाला. कावा चालू असताना पॅरासिटामॉल मनानेच घ्यायची नाही, अशी तंबीही दिली.

तू आता जर्मनी काढशील, माहीत आहे. काव्यावरची २००२ ची बंदी, २०१४ मध्ये तिथल्याच कोर्टाने ती उठवली, हे तुझं पाठ आहे. २०१९ मध्ये पुन्हा आली ते तू सोयीने गाळतोस. आणि तो वाद मुख्यतः गोळ्या-अर्कांचा होता, आपल्या पाण्यातल्या काव्याचा नव्हे, हे मी तेव्हाही म्हणत होतो. तसंच लेवेना, म्हणजे बुडख्याची पूड, स्वस्त म्हणून तू पोतं उचललंस त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. वाका, म्हणजे मुळांची पूड, ती वाकाच.

थांबवायचं तर ठरवलंय, महिनाभर, मग पुन्हा रक्त. पण संध्याकाळी सातला करायचं काय? तिकडे फिजीत समाबुलाच्या ओसरीवर सेरू होता, मोझेस होता, तुझी बडबड होती. इथे बाल्कांवात मी एकटा, पुढ्यात स्टीलचं पातेलं आणि नारळाची करवंटी. प्यायच्या आधी एक टाळी, प्यायल्यावर तीन. पहिल्या वर्षी शेजारीण कुंपणाशी येऊन विचारून गेली, भाऊंना डास फार चावतात का. आता ती टाळ्यांवर कुकर लावते. तिचा भात बिघडणार.

मुलीचं ठरलं असं कळलं, फार छान. मुलगा नौसोरीचा ना? मोतीबिंदूचं लवकर उरक, टाळू नकोस.

आणि एवढं कर. तूही रक्त तपास. रोज माझ्या दुप्पट ढोसतोस. आकडे लिहून पाठव, गामा जीटी न विसरता. तुझा माझ्यापेक्षा कमी निघाला तर लेवेनाविषयी बोललेलं सगळं मागे घेईन. काव्याचं पार्सल मात्र थांबव.

तुझा,
रमाकांत

ता. क. पार्सल थांबवू नकोस. पाठव, ही कुलपात ठेवेल.