घोड्यांचे जुने अंक

नाशिक,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

प्रिय वैशू,

परवा फोनवर विचारलंस, ते घोड्यांचे अंक आहेत का गं अजून? आहेत, सगळे आहेत. आईने कडुनिंबाचा पाला घालून कपाटात ठेवले होते. कडा पिवळ्या पडल्यात, पण कसर लागलेली नाही. हल्ली रात्रीची आवराआवर झाली की एकेक काढून वाचते. सांगण्यासारखं इतकं साठलं की फोनवर भागेना, म्हणून लिहायला बसले.

मावशी न्यू जर्सीहून धाडायची तो ‘जस्ट अबाउट हॉर्सेस’ म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे घोडे करणाऱ्या ब्रेयर या अमेरिकन कंपनीचा स्वतःचा अंक. त्याच्यासोबत घरगुती, टाइप करून पिना मारलेली पत्रकंही असायची, ती छंदवाल्यांनी आपसांत काढलेली. तेव्हा आपल्याला इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, त्यामुळे आपण चित्रांवरच खूश होतो. मजकूर मी आत्ता कुठे नीट वाचतेय.

तुला माहीत आहे का, ब्रेयरचा पहिला घोडा १९५० साली निघाला तो घड्याळाच्या शोभेसाठी! मास्टरक्राफ्टर्स नावाच्या घड्याळ कंपनीला घड्याळाजवळ उभा करायला घोडा हवा होता. तो शिकागोच्या या प्लॅस्टिकच्या कारखान्याने करून दिला आणि साचा त्यांच्याकडेच राहिला. मग वूलवर्थच्या दुकानांतून नुसता घोडा विकायला ठेवला, तर लोकांनी तोच उचलून धरला. प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं. घोड्याचे दोन अर्धे भाग वेगवेगळे ओतायचे, चिकटवायचे, सांधा घासायचा आणि मग रंग फवारायचा. आपल्या खेळण्यातल्या शिंगराच्या पोटाखालून बोट फिरवलं की बारीक रेघ लागते ना, ती त्या सांध्याची. काल मुद्दाम फिरवून पाहिलं.

आणि तो निळा घोडा! १९६०च्या दशकात त्यांनी कोपनहेगन नावाने निळे आणि फ्लोरेंटाइन नावाने सोनेरी घोडे काढले होते, अंगभर पांढुरक्या ठिपक्यांचे. त्या वेळी ते फारसे खपले नाहीत. आता संग्राहक त्यांच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. असा घोडा असतो का कुठे, म्हणून तू ते पान उलटायला लावायचीस. मला तो तेव्हाही आवडायचा, आजही आवडतो.

पण मला विचारशील तर किमतीच्या याद्यांपेक्षा टपालाने भरणाऱ्या स्पर्धांची पानं खरी मोलाची. आपापल्या घोड्याचा फोटो काढायचा, मागे त्याचं नाव, जात, रंग, नर की मादी ते लिहायचं आणि परतीच्या तिकिटासह परीक्षकाकडे पाठवायचं. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या बायका-मुली एकमेकींचे घोडे ओळखायच्या. पुढे १९९० पासून केंटकीत लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये ब्रेयरफेस्ट हा मेळावा भरू लागला आणि मंडळी दरवर्षी समोरासमोर भेटू लागली. तरी त्या टपालाच्या पानांत जी माया आहे ती मला फार भावते. एकीने घोड्याचा कान मोडल्याचं कळवलंय, तर पुढच्या अंकात दुसरीने तो कसा जोडायचा ते सविस्तर लिहिलंय.

त्या पानांनीच आपल्याला घोडा बघायला शिकवलं, वैशू. दुडक्या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलला जातो, हे आपण तिथे वाचलं आणि पंचवटीत टांगा दिसला की वाकून पाय बघायला लागलो. देवघरातल्या खंडोबाच्या टाकावरचा घोडासुद्धा तू तपासला होतास. आजी रागावली नाही, उलट टाक हातात देऊन म्हणाली, बघ नीट. सोमेश्वरच्या काळ्या खडकावर पोटावर झोपून फोटो काढलेले आठवतात? कॅमेरा घोड्याच्या डोळ्याच्या रेषेत धरायचा, म्हणजे मागचं गवत झाडांएवढं दिसतं, हीही त्याच अंकांतली युक्ती. त्यातला एक फोटो सापडलाय. पाणी मागे धूसर झालंय, आणि शिंगरू खरोखर नदीवर आल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून सलते. आपल्याकडच्या अख्ख्या गठ्ठ्यात मारवाडी घोडा एकही नाही. अरबी आहेत, थरोब्रेड आहेत, खेचरंसुद्धा आहेत. पण टोकाला टोक भिडणारे ते कान कुठेच नाहीत. म्हणून तर तू एम-सील मळून आपल्या शिंगराला कान केलेस. मीठ-मिरचीच्या डबीत बोटं बुडवावीत तशी पाण्यात बोटं बुडवत होतीस, आणि कान वाळेपर्यंत मला हलूसुद्धा दिलं नाहीस. डावा कान अजून घट्ट आहे. उजव्याच्या बुडाशी भेग आहे, ती मी भरणार नाही, तूच भर.

तर माझं म्हणणं असं, आता आपण एक मोठा मारवाडी घोडा करू या. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी, आणि रेवाल या धक्के न देणाऱ्या चालीत. त्यासाठी खरे घोडे बघायला हवेत. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा सुरू होते, बाजार पुढे बरेच दिवस चालतो. राजस्थान, गुजरात, पंजाबकडून घोडे येतात. धुळे-दोंडाईचामार्गे जाऊ. मापाला टेप मी घेते. मात्र मालकाला विचारल्याशिवाय घोड्याला हात लावायचा नाही, आणि मागून जायचं नाही. कानांची चित्रं तू काढ, तुझा हात चांगला आहे. पायांच्या नोंदी मी करते.

तुझ्याकडे काही अंक राहिलेत, असं मला पक्कं आठवतं. घोड्याच्या आयाळीसाठी मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीचे, केस कसे लावायचे ते ज्यात दिलंय, तो त्यातच असणार. ते घेऊन ये. काकूंना नमस्कार सांग, आणि कुठल्या दिवशी निघतेस ते लगेच कळव, म्हणजे मी रजा टाकते.

तुझी,
मंजू